बाईंचा फ्लेक्स बघितला आणि हे लिहायला बसले

आईला जाऊन परवा महिना झाला. कागदावर वय ९०. खरं किती ते तिलाही नक्की माहीत नव्हतं, कारण तिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३५ आहे आणि आजी सांगायची की ती नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाली. म्हणजे १ जून काही खरी नव्हेच. त्या काळात शाळेत घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे, वय बसलं म्हणजे झालं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, पुढं तिनेही कित्येक पोरांना तीच तारीख दिली, आमच्या वाडीत अर्ध्या पन्नाशीपुढच्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडं गावाकडं गेलो होतो, पाटण तालुक्यात, ज्या वाडीत आईची सगळ्यात जास्त नोकरी झाली तिथं, शाळेच्या पटांगणात लोकांनी शोकसभा ठेवली होती. फाट्यावर एसटी थांबते तिथं फ्लेक्स लावलेला. आईचा रिटायरमेंटचा फोटो, अंगावर शाल, हातात नारळ, आणि खाली मोठ्या अक्षरात 'त्यागमूर्ती बाईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. लावणारी 'पोरं' आता पन्नाशीतली, साठीतली, कुणी मुंबईत माथाडीत आयुष्य काढून परत आलेले, कुणी शेती करणारे, सगळ्यांनी वर्गणी काढून लावलेला. मी गाडीतून उतरले आणि तिथंच उभी राहून रडले. त्या माणसांच्या प्रेमाबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही.

तरी तो एक शब्द घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. शोकसभेतही तेच झालं. जो उठला तो म्हणाला बाईंनी त्याग केला, संसाराकडं बघितलं नाही, पगाराची पर्वा केली नाही, मेणबत्तीसारख्या जळल्या. मी त्या घरातली मुलगी आहे हो. तिनं संसाराकडं बघितलं, चांगलं डोळ्यात तेल घालून बघितलं. पगाराची तर तिला पूर्ण पर्वा होती. आणि जळली वगैरे अजिबात नाही, ती नव्वदीपर्यंत खणखणीत जगली. तिच्याकडं एक विद्या होती, ती तिनं घासूनपुसून धारदार केली होती, आणि तिच्याबद्दल बोलताना त्याग त्याग म्हटलं की ती विद्याच बाजूला पडते असं मला वाटतं. म्हणून ती काय करायची ते लिहून ठेवतेय.

आई व्हर्नाक्युलर फायनल पास. तेव्हा सातवी म्हणजे फायनल, आणि ती पास झालेली पोरगी म्हणजे पंचक्रोशीत नवल. १९५३ मध्ये ती लागली तेव्हा जिल्हा परिषद नव्हतीच, ती १९६२ ला आली, तेव्हा स्कूल बोर्ड होतं आणि आमच्या जिल्ह्याला उत्तर सातारा म्हणायचे. पहिली नेमणूक डोंगरावरच्या वाडीत, एकशिक्षकी शाळा, देवळाच्या ओसरीत भरणारी. चार इयत्ता एका ओसरीत आणि अठरा वर्षांची पोरगी शिकवणार. पावसाळ्यात त्या भागात पाऊस असा की चार चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, इरलं घेऊन पोरं यायची आणि ती इरली ओळीनं भिंतीला लावलेली असायची, हे आई शेवटपर्यंत सांगायची.

आता तिची पद्धत सांगते. सगळीकडं ग म भ न नं सुरुवात करायचे. आईनं ते बदललं. नवं पोर आलं की त्याला पाटी द्यायची नाही. आधी त्याला अंगणात घेऊन बसायची, माती हातानं सारखी करायची, धूळपाटीच ती, आणि त्याच्या नावातलं पहिलं अक्षर बोटानं मोठं काढायची. मग ओंजळभर चिंचोके त्याच्या हातात. अक्षराच्या रेघेवरून एकेक चिंचोका मांडत जायचं. मांडून झाला की ती म्हणायची, "हा आता तुझा. वर्गात हा दुसऱ्या कुणाचा नाही." दोन पोरांचं अक्षर एकच आलं तर दुसऱ्याला त्याच्या नावातलं पुढचं अक्षर मिळायचं, त्यावरून भांडणं व्हायची आणि ती भांडणं ती मिटू द्यायची नाही लवकर, कारण अक्षरासाठी भांडणारं पोर ते अक्षर जन्मात विसरत नाही असं तिचं म्हणणं. असं करत वर्गात प्रत्येक अक्षराला मालक. 'क' कुणाचा विचारलं की एक जण उभा राहणार. वाचताना कुणी अडला की त्यानं फळ्याकडं बघायचं नाही, ज्याचं अक्षर आहे त्याच्या तोंडाकडं बघायचं, आणि तो सांगणार. म्हणजे वाचायला शिकवायचं काम चाळीस पोरं एकमेकांना करतायत आणि बाई तोवर तिसरी-चौथीची गणितं बघतेय. एकशिक्षकी शाळेत याशिवाय चालणारच नव्हतं. मी पुढं खूप वर्षांनी तिला विचारलं हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलं का, तर म्हणाली, "ट्रेनिंगला मला मागाहून पाठवलं. हे मी पोरांकडं बघून शिकले." कुणी आलं नाही की हजेरी घेताना ती म्हणायची, "आज 'म' आला नाही, जा रे बघून या." आणि पोरं पळत 'म' च्या घरी.

गणिताचं पण तसंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळं जुनी माणसं नुसतं घोकून घ्यायची. आई दुपारी फडकी सोडायला लावायची. नाचणीची भाकरी मधोमध मोडली की निमकी, परत मोडली की पाव, एक पाव शेजाऱ्याला दिली की तुझ्याकडं उरली पाऊण. ज्याच्या फडक्यात भाकरीच नाही त्याला हिशोबाच्या निमित्तानं भाकरी मिळायची, आणि ते निमित्त आहे हे कुणाला कळायचं नाही. मी सुद्धा फार मोठी झाल्यावर ते ओळखलं.

मी तिच्याच वर्गात होते, पहिली ते चौथी. शाळेत 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं. माझं अक्षर 'व'. घरी आल्यावर पायरीवर चपला काढल्या की ती आई व्हायची, आणि मला खरंच वाटायचं की उंबऱ्याच्या अलीकडं पलीकडं दोन वेगळ्या बायका आहेत.

आमच्या भागातले बापे मुंबईत. गिरणीत, गोदीत, मार्केटात हमाली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, हे सगळ्यांना माहीत आहेच. तर गावात राहायच्या बायका, म्हातारी आणि पोरं. मुंबईहून पत्र आलं की बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर. "बाई, पत्र आलंय, जरा वाचून दावा की." मग आई वाचायची, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे. आणि मग बाया उत्तर सांगायच्या. आता विचार करा, नवऱ्याला काय लिहायचं ते तिसऱ्या बाईपुढं बोलायचं. लाजायच्या, गप्प व्हायच्या, शेवटी म्हणायच्या, लिवा बाई तुमच्या मनानंच. आईला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, "तुझ्या मनातलं मी कशाला लिहू."

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, प्रौढांना साक्षर करायची, पुढं ती राज्यभर गेली. वरून आदेश आला तसा आईनं रात्रीचा वर्ग काढला, पण आदेश नसता तरी तिनं तो काढला असता, तिला त्या पत्रांचं लागलं होतं. कंदिलाच्या उजेडात बाया बसायच्या, मांडीवर पोर, आणि इथंही तेच, चिंचोके आणि आपापलं अक्षर. पहिलं ध्येय काय, तर मनिऑर्डरवर अंगठा न देता सही करायची. पोस्टमन पैसे मोजून देताना अंगठा धरून शाईत बुडवतो हे बायांना लागायचं, तोंडानं म्हणायच्या नाहीत, पण लागायचं. ज्या दिवशी पहिल्या बाईनं पोस्टमनच्या हातातून पेन घेतलं त्या दिवशी आईनं घरी गुळाचा सांजा केला होता म्हणे. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण हा सांजा मी इतक्या वेळा ऐकलाय की मला त्याची चव माहीत आहे.

मग भूकंप. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे साडेचारच्या आत. मी चार वर्षांची. मला फक्त अंधार, कौलांचा आवाज आणि आजीच्या लुगड्याचा वास आठवतो, बाकी सगळं आजीनं सांगितलेलं. कोयनानगर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या वाडीत घरांच्या भिंती बसल्या, गुरं गाडली गेली, आणि धरण फुटलं अशी आवई उठली तशी माणसं अंधारात डोंगराकडं पळत सुटली. आईनं आम्हाला दोघांना आजीच्या ताब्यात दिलं आणि उजाडायच्या आत ती खळ्यावर जाऊन उभी राहिली. वडील एसटीत कंडक्टर, ते त्या रात्री मुक्कामी गाडीवर, त्यांचा पत्ता नाही. आणि ही खळ्यावर उभी राहून मोठ्यानं अक्षरं पुकारत होती. 'क'. 'ग'. 'म'. पोरं कुठून कुठून यायला लागली, आयांच्या पदराआडून, पेंढ्याच्या गंजीमागून, कुणी घोंगडीत, कुणी उघडं. आली की ती त्याला हात लावून बघायची आणि पुढचं अक्षर. आजी म्हणायची, माणसं ती हाक ऐकून डोंगरावरून खाली आली, बाई हजेरी घेतेय म्हणजे धरण फुटलेलं नाही. 'भ' आला नाही. चार पोरं त्याच्या घराकडं धावली. तो भिंतीखाली हात अडकून पडलेला, माणसांनी काढला, हात मोडला पण पोर वाचलं. तो 'भ' शोकसभेला आला होता, सत्तरीला टेकलाय. सगळ्यांनी भाषणं केली, तो काहीच बोलला नाही, नुसता कोपर धरून बसला होता.

शाळेची भिंत पडली होती. आंब्याखाली वर्ग भरला, नंतर पत्र्याची शेड आली, मी पहिलीला त्या शेडमध्येच बसले. धक्के पुढं कित्येक महिने येत होते. धक्का आला की बाई खडू खाली ठेवायची, सगळ्यांनी बाहेर, थांबलं की परत आत आणि धडा तिथून पुढं.

आता पगाराचं, कारण 'पगाराची पर्वा केली नाही' हे मला सगळ्यात जास्त लागलं. १९७७ च्या डिसेंबरात राज्यातल्या सरकारी, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, केंद्राच्या दरानं महागाई भत्ता मिळावा म्हणून. ५४ दिवस चालला. आई संपात होती. गावातले काही म्हणाले बाई, तुम्ही सुद्धा? तिनं सरळ सांगितलं, मी काम करते, त्याचे पैसे मागते, यात लाजायचं काय. ५४ दिवस पगार नाही, घरात आजी, आम्ही दोघं, वडिलांचा एकट्याचा पगार. रोज रात्री वहीत खर्च लिहायची. आणि सकाळी शाळा बंद म्हणून पोरं घरी यायची तर त्यांना ओसरीवर बसवून पाढे म्हणून घ्यायची, ते मात्र संपात बसत नाही म्हणायची. या पगारातून तिनं आजोबांच्या वेळचं कर्ज फेडलं, कराडला दोन खोल्यांचं घर बांधलं, मला बीकॉम केलं, भावाला इंजिनियरिंगचा डिप्लोमा केला. घराच्या कागदावर तिचं नाव आहे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं घर बाईच्या नावावर म्हणजे नातेवाइकांत चर्चा झाली होती. या सगळ्याला त्याग कसं म्हणायचं मला सांगा.

सोसावं लागलं नाही असं मी म्हणत नाही. भावाला गोवर निघाला होता, ताप उतरत नव्हता आणि तिची जनगणनेची ड्यूटी लागलेली, ती वाडीवस्तीवर फिरत होती. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, त्याच्याजवळ बसली आणि तशीच बसून झोपली. मी दारात उभी राहून बघत होते. मला तेव्हा राग आला होता, खूप वर्षं तो राग होता माझ्या मनात. आणीबाणीत कुटुंब नियोजनाच्या केसेस आणा, म्हणजे नसबंदीला माणसं आणा म्हणून शिक्षकांवर जो दबाव होता तो तिच्यावरही आला, पगार अडेल म्हणून सांगितलं गेलं, तिनं आपल्या पोरांच्या आयांच्या दारात त्या कामासाठी जायला नकार दिला आणि पगार खरंच अडला. मुख्याध्यापकाची जागा सेवाज्येष्ठतेनं तिची असताना दोन वेळा दुसऱ्याला गेली. कुणी कशी दिली ते मी इथं लिहीत नाही, तिनंही कधी नाव घेतलं नाही, पण त्या दिवशी घरी येऊन तिनं भांड्यांची फळी पूर्ण रिकामी करून सगळी पितळी भांडी चिंचेनं घासली होती. मी भाजी चिरत होते, आमच्यात एक शब्द बोलणं झालं नाही. यातलं काहीही तिनं हौसेनं वाहिलेलं नव्हतं, ते तिच्याकडून घेतलं गेलं होतं, आणि घेतलेल्याला त्याग म्हटलं की घेणारे सुटतात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही धड. आमच्या भागात माणसं कुटुंबं घेऊन परत यायला लागली, आणि वर्षाच्या मध्येच मुंबईची पोरं शाळेच्या दारात. दाखले नाहीत, कुणाचा दाखला मुंबईच्या शाळेत अडकलेला, कुणाची फी राहिलेली. आई म्हणायची, "दाखला येईल मागनं, पोरगं आधी वर्गात बसू दे." तपासणीला साहेब आले की यावरून बोलणी खायची. त्या पोरांना गावची पोरं चिडवायची, तर हिनं प्रत्येक मुंबईच्या पोराला गावच्या एकेका पोराच्या अक्षराचा भागीदार केला. भागीदाराला चिडवता येत नाही.

३१ मे १९९३ ला ती रिटायर झाली, ५८ वर्षं, चाळीस वर्षं नोकरी. त्यानंतर ३२ वर्षं ती पेन्शनीवर जगली, कुणापुढं हात पसरला नाही, उलट नातवंडांच्या फिया भरल्या. रोज पेपर लाल पेन घेऊन वाचायची, ऱ्हस्व दीर्घ चुकलं की गोल. आम्ही व्हॉट्सअपवर मेसेज टाकला की फोन यायचा, 'आशीर्वाद' मधली शी दीर्घ. वाडीतली शाळा मात्र आटत गेली. आता पट विसाच्या आत आहे आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, समूह शाळा करायच्या असं अधूनमधून येतंच. माझं स्पष्ट मत आहे, डोंगरातल्या वाडीतलं सहा वर्षांचं पोर पावसात पाच किलोमीटर लांबच्या शाळेत जाणार नाही, ते घरी बसेल, आणि मुलगी असेल तर नक्की बसेल. आईला हे मी वाचून दाखवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "वीस म्हणजे वीस अक्षरं झाली की गं."

शेवटचं दीड वर्ष विसर पडायला लागला. नातवंडांची नावं जायची. सून समोर आली की तुम्ही कुठल्या गावच्या म्हणून विचारायची, सुनेला वाईट वाटायचं. मग एकदा मी तिच्या जवळ बसले होते, तिनं माझा हात घेतला, तळहातावर बोटानं 'व' काढला आणि माझ्याकडं बघून हसली. नाव नाही आलं तोंडात शेवटपर्यंत. पण त्या दिवसापासून मला ते नाव नकोच होतं. मग आम्ही सगळ्यांनी आपापली अक्षरं सांगायला सुरुवात केली. सून म्हणायची, आई, मी 'प'. आणि ती मान हलवायची, हो हो, 'प', बस.

शोकसभेच्या दिवशी पटांगणात टेबलावर एक वही ठेवली होती, आलेल्यांनी सह्या करायच्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पोरांनी शाईचं पॅडही ठेवलं होतं, चांगल्या मनानंच. एक म्हातारी आली, नातवानं मोटारसायकलवरून आणलेली, वय पंच्याऐंशीच्या पुढचं, पाठ पार वाकलेली. टेबलाजवळच्या पोरानं तिचा हात धरून अलगद पॅडकडं नेला. तिनं हात काढून घेतला आणि पेन मागितलं. वहीवर वाकली. दोन तीन मिनिटं लागली असतील, मागं लाईन थांबलेली, कुणी काही बोललं नाही. मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं, नावातला पहिला 'ल' पाकळीचा होता, थेट आईच्या वळणाचा, शेवटची रेघ किंचित लांब सोडलेली. सही झाल्यावर तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यो 'ल' माझा हाय. बाईंनी दिलाय."